भाऊजींचं गोट्यांचं टेबल

आमच्या भाऊजींनी उघडून पाहिली नाही अशी एकही मशीन दिग्रसात नव्हती, आणि असलीच तर ती त्यांच्यापासून लपवून ठेवलेली होती. वाढवून सांगत नाही. भाऊजी बसायला येताहेत असं दिसलं, की आळीतल्या बाया आधी शिलाई मशीनवर चादर टाकायच्या आणि मग पाणी आणायला आत जायच्या. एका घरचं भिंतीवरचं घड्याळ तर त्यांची चाहूल लागली की उतरून थेट ज्वारीच्या कोठीत जायचं. बंद मशीन दिसली की ती चालू करावीशी वाटणं, हे कोणत्याही फिटरला होतं. भाऊजींचं दुखणं वेगळंच. चालू मशीन दिसली की त्यांना काळजी लागायची. "चालून तर राह्यली," ते मान वाकडी करून म्हणायचे, "पण काहून चालून राह्यली, हे पाह्यलं पाह्यजे." आणि खिशातून पेच खोलायचा पेचकस निघायचा.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. उंच, वाळके, आणि भुवयांत बारा महिने कापूस अडकलेला. आमच्या गावी, राळेगावच्या बाजूला, ताईचं लग्न लागलं तेव्हा मी बराच लहान होतो, पण ते लग्न गावात कोणीच विसरलेलं नाही. ऐन मुहूर्ताला मांडवातली पेट्रोमॅक्स फुरफुरायला लागली. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, अंतरपाट धरला, आणि पलीकडे नवरदेवच नाही! लोक इकडेतिकडे पाहतात तर नवरदेव बाशिंग मागे सारून, स्टुलावर चढून, दिव्याची टोपी काढून आत फुंकून राहिलेले. माझे बाबा हात जोडून म्हणाले, "जवाईबापू, मुहूर्त टळून राह्यला." भाऊजी वरूनच म्हणाले, "अंधारात कोणाच्या गळ्यात माळ पडन, त्याचा काय भरवसा?" दिवा लखलखला, मग लग्न लागलं. लग्नाच्या फोटोत ताईचा हात भाऊजींच्या हातात आहे आणि भाऊजींचा हात मनगटापर्यंत काळा आहे.

दुसरी गोष्ट त्यांचा आवाज. सगळी हयात जिनिंगच्या खडखडाटात गेल्यामुळे भाऊजींना हळू बोलणं म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. आम्ही एकदा जिनिंगच्या शेठकडे बसलो होतो. चहा आला. भाऊजी माझ्या कानाशी वाकले, तोंडावर हात धरला आणि कुजबुजले, "साळेबुवा, चहा लय पांचट हाय." तेवढ्यानं शेठच्या माडीवरची कबुतरं उडाली. शेठनं लगेच दुसरा चहा सांगितला.

जिनिंगमध्ये कोणी तोंडानं बोलतच नाही, बोलून उपयोग नसतो. तिथं हातांची भाषा. मूठ फिरवली की इंजन सुरू करा, आडवा तळहात हवेत ओढला की पट्टा उतरवा, म्हणजे मशीन थांबवा, दोन बोटं ओठांपाशी नेली की चहा. ताईनं लग्नानंतर पहिल्याच वर्षी ही भाषा शिकून घेतली. स्वयंपाक झाला की ती दारात उभी राहून पट्टा उतरवायची खूण करायची, की भाऊजी हातातलं सोडून जेवायला. मी त्यांचं एक अख्खं भांडण पाहिलंय, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक शब्द नाही. शेवटी ताईनं बॉयलर तापल्याची खूण केली आणि भाऊजी मुकाट्यानं घागर घेऊन पाण्याला गेले.

मला लहानपणापासून नकला करायचा नाद. हेडमास्तर, यश्टीचा कंडक्टर, इंजनाची शिट्टी, सगळं माझ्या गळ्यात. भाऊजींची नक्कल तर माझी खास. एकदा आळीत सगळ्यांसमोर केली आणि पाहतो तो भाऊजी मागे उभे. ते खूश होऊन म्हणाले, "हुबेहूब केली बे! कोणाची होय?"

असा हा माणूस जिनिंगमध्ये मात्र राजा होता, आणि राजा होता तो कानाच्या जोरावर. मशीनींची रांग सुरू झाली की भाऊजी पाठीवर हात बांधून तिच्यातून फेरी मारायचे आणि मध्येच थांबून एकीकडे बोट दाखवायचे. हिची बेरिंग कोरडी, तिचा रोलर घासून राह्यला. उघडून पाहावं तर तसंच. ज्या साली मी मॅट्रिकला होतो, त्या सीझनच्या शेवटी एक बेरिंग तापली आणि किंचाळायला लागली. मजूर कानांवर हात ठेवून पळाले. भाऊजी तिच्याच शेजारी उभे राहून निवांत तंबाखू मळत होते. ठिणगी पडली, कापसाचा ढीग पेटला, बादल्या धावल्या, थोडक्यात निभावलं. शेठ चांगला माणूस, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "देखो फिटर, जिनिंग में आँख बाद में, कान पहले. दिवाळी के बाद सीझन चालू होगा, तब तुम्हारे कान की चाचणी लेंगे." चाचणीत नाही जमलं तर फाटकावर स्टूल टाकून बसायचं, येणाऱ्या गाड्यांना दार उघडायचं. हे शेठ हळू बोलला, त्यामुळे भाऊजींना ते दुसऱ्यानं परत सांगावं लागलं. घरी येऊन ते ताईला म्हणाले, "बेरिंग मुकीच निंगाली. न बोलता जळाली." ताईनं पोळी तव्यावर उलटली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी परीक्षा देऊन, निकाल लागेपर्यंत ताईकडे येऊन पडलो होतो. महाराष्ट्र राज्य झालं तोच उन्हाळा. जिनिंग बंद. इंजनाला कोळसा राजूरच्या खाणीकडून यायचा, तर पुढच्या कोळशाचं बोलणं करायला शेठनं भाऊजींना ट्रकवर बसवून तिकडे पाठवलं. भाऊजी कोळशाचं बोलणं विसरले आणि पिनबॉलची मशीन घेऊन आले. तिकडे गोऱ्या साहेबांच्या काळातला क्लब होता. साहेब गेले, मशीन तिथंच धूळ खात पडली, आणि नव्या मॅनेजरला ती जागा कपाटासाठी हवी होती. तो म्हणाला, नेता तर न्या. भाऊजी त्याला दुसऱ्यांदा म्हणू देणारे थोडेच!

ट्रक काही आळीत शिरत नव्हता. म्हणून चौघांनी ती मशीन खांद्यावर घेतली, वरून पांढरी चादर टाकलेली, पुढे भाऊजी. रस्त्यातल्या लोकांनी टोप्या काढल्या. कोपऱ्यावरच्या म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. "कोण गेलं व माय?"

"गेली नाई, आली!" भाऊजी गरजले. "विलायतेवून आली!"

ताई दारातच उभी होती. "हे काय आणलं?"

"गोट्यायचं टेबल हाय."

"घरात आपल्याले पाय ठेवाले जागा नाई, अन् याचे अजून चार पाय आणले!"

पण आणलं ते आणलं. ओसरीत तिची स्थापना झाली. वर काच, काचेखाली फळी, फळीवर पितळी खिळ्यांची दाटी, मध्ये मध्ये भोकं आणि भोकांपाशी आकडे. उजव्या हाताला एक दट्ट्या. तो ओढून सोडला की गोटी वर जाणार, खिळ्यांवर ठेचकाळत खाली येणार, आणि मधल्या भोकात पडली तर घंटी वाजणार. हे सगळं मी फळीवरचं इंग्रजी वाचून सांगितलं. भाऊजींनी फक्त एकच ऐकलं. "घंटी? आतमंदी घंटी हाय?"

त्या क्षणापासून ते त्या मशीनचे झाले. मला वाटलं नेहमीचंच खूळ. ताईच्या ध्यानात आधी आलं. मला म्हणाली, "करू दे त्याईले. घंटी वाजली अन् त्याईले ऐकू आली, तं दिवाळीची चाचणीही निभन, असं धरून बसले ते."

भाऊजी मशीनींना बाई म्हणायचे. ही विलायती बाई. उघडली तर आत उंदरानं इंग्रजी पेपर कुरतडून घर केलेलं. माझ्यापेक्षा त्याचंच इंग्रजी पक्कं असावं. वायरी खाल्लेल्या, सेल फुगून फुटलेले, गोट्या गायब. भाऊजींनी एकेक खिळा उपटून ताईच्या खलबत्त्यात सरळ केला आणि परत ठोकला. त्या दिवसांत आमच्या चटणीला पितळेची चव होती. गोट्या जिनिंगच्या मोडक्या बेरिंगमधून आल्या, रबर सायकलच्या ट्यूबमधून. मग फळीवरची कोळशाची पुटं ओल्या फडक्यानं पुसायला घेतली, तर खालून एक गोरी बाई निघायला लागली. आधी टोपी, मग हसरं तोंड, मग खांदे. खांद्याच्या खाली येता येता भाऊजींचा हात मंद झाला. मग ते थांबलेच, आणि फडकं माझ्याकडे देऊन म्हणाले, "तू पूस. मी गोट्या मोजतो." मी अर्थातच मन लावून पुसलं. संध्याकाळी ताईनं ते चित्र पाहिलं, पळीत हिरवा रंग कालवला आणि सकाळपर्यंत त्या बाईला नऊवारी नेसवलं. टोपीवर पदर मात्र काही नीट बसला नव्हता.

आता मुख्य चूक. ही चूक भाऊजींसारखा जिनिंगचा फिटरच करू जाणे. जिनिंगमध्ये पहिला धर्म म्हणजे लेव्हल. शाफ्ट केसभर कलला तरी पट्टा उतरतो. भाऊजी तर जेवायच्या ताटाखालीही पाणसळ ठेवून, काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला का ते पाहणारे. त्यांनी पाणसळ मशीनवर ठेवली आणि कपाळावर हात मारला. "पाह्य साळेबुवा! मागचे पाय लांब, पुढचे आखूड! अन् म्हणे दीडशे वर्सं राज्य केलं यायनं!" आणि मी काही बोलायच्या आत आरी घेऊन मागचे पाय कापले. बुडबुडा अगदी मधोमध आला. भाऊजींनी त्याला नमस्कार केला आणि सगळ्या आळीला बोलावलं.

आळी जमली. भाऊजींनी दट्ट्या ओढून सोडला. गोटी सूं करत वर गेली आणि तिथंच बसली. सगळे वाट पाहतात. गोटी जणू माहेरी आलेली, परत यायचं नावच नाही. भाऊजींनी दुसरी सोडली. ती पहिलीला जाऊन भेटली. तिसरी सोडली. आता तिघी वर बसलेल्या. कोणी म्हणालं, "फिटरसाहेब, येतीन ना त्या? का जेवून येऊ आमी?" भाऊजी पाणसळीकडे पाहतात, गोट्यांकडे पाहतात. बुडबुडा खोटं बोलत नव्हता आणि गोट्याही खोटं बोलत नव्हत्या. असा पेच त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

ताई न्हाणी धूत होती. तिथूनच ओरडली, "आवो, न्हाणीले उतार नसला तं पानी जाईन का?"

भाऊजी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बरोब्बर हाय हिचं!" मग आत जाऊन जेवायचे दोन पाट आणले आणि मागच्या पायांखाली सारले. तिन्ही गोट्या खडखडत खाली आल्या, एक मधल्या भोकात पडली, आणि घंटी वाजली. किणकिणकिण, काय गोड! आळीनं टाळ्या पिटल्या.

भाऊजी अजून वाट पाहत होते. टाळ्या थांबल्या तसे म्हणाले, "सगळं झालं. आता घंटी तेवढी वाजत नाई."

कोणी हसलं नाही. एकेक जण काहीतरी काम आठवून निघून गेला.

पुढचे दिवस भाऊजींनी घंट्या बदलण्यात घालवले. आधीची काढून सायकलची लावली. मग दोन सायकलींच्या दोन. मग कुठूनशी बैलाच्या गळ्यातली. प्रत्येक घंटी वाजायची, आणि भाऊजी दर वेळी पेचकस घेऊन पुन्हा आत शिरायचे. त्यांना माझं बोलणं ऐकू यायचं, दार आपटलेलं ऐकू यायचं, गोटी घरंगळलेलीसुद्धा यायची. फक्त ते बारीक, उंच किणकिणणं जायचं निसटून. तापलेली बेरिंगही तशीच बारीक किंचाळते. ताई दारातून पाहायची. मी तिच्याकडे पाहायचो. तोंडानं सांगायची दोघांचीही हिंमत नव्हती, आणि जिनिंगच्या हातांच्या भाषेत या गोष्टीला खूण नाही.

एका दुपारी भाऊजी पेचकस खाली ठेवून माझ्याकडे न पाहता म्हणाले, "साळेबुवा, तू सगळ्यायच्या नकला करतं. हिची कर बरं."

"कोणाची?"

"घंटीची."

मी गोटी सोडली. घंटी वाजली. मी ती नीट ऐकली आणि त्यांच्या कानाशी जाऊन माझ्या जाड्या गळ्यातून काढली. किणकिण नाही, किण्ण-डुप, किण्ण-डुप. भाऊजींनी डोळे मिटले. मग चेहऱ्यावर असं हसू आलं, की लग्नाच्या फोटोतही नाही. "म्हंजे वाजून राह्यली!" आणि लगेच कपाळाला आठी. "पण हे डुप काहून? वाटी लाकडाले टेकून राह्यली असन." त्यांनी हात घातला. वाटी खरंच एका बाजूनं लाकडाला टेकली होती. सैल केली. मी पुन्हा ऐकलं, पुन्हा काढून दाखवलं: किण्ण, किण्ण, किण्ण. "आता कसं!" भाऊजी म्हणाले.

मग ते काचेवर तळहात पसरून बसले. मी गोट्या सोडत राहिलो. घंटी वाजली की त्यांची बोटं काचेवर किंचित हलायची. थोड्या वेळानं मी नक्कल करायच्या आधीच ते मान डोलवायला लागले. मध्येच मी फसवायला न वाजलेल्या घंटीची नक्कल केली. ते डोळे न उघडता म्हणाले, "लबाड! हे तुहं होय, तिचं नोहे."

दिवाळी झाली. मी पास झालो होतो, यवतमाळला कारकुनी लागली होती, पण चाचणीसाठी थांबलो. ताईनं डबा दिला, तो घेऊन मीही जिनिंगमध्ये गेलो. शेठनं मशीनींना तेल घालणाऱ्या तेलवाल्याला सांगून एक बेरिंग मुद्दाम कोरडी ठेवली होती. इंजन सुरू होणार, तेवढ्यात भाऊजी शेठसमोर गेले.

"शेठ, चाचणीच्या आधी सांगतो. माहा कान गेला."

भाऊजींनी ते त्यांच्या हिशेबानं हळूच सांगितलं. कापसाच्या गाड्यांवरचे लोकसुद्धा वळून पाहायला लागले.

"तो अब?" शेठनं विचारलं.

"हात हाय," भाऊजी म्हणाले. त्यांनी मूठ फिरवली. इंजन सुरू झालं, रांग खडखडायला लागली. या वेळी पाठीवर हात नव्हते. एकेका बेरिंगच्या घरावर तळहात ठेवत, डोळे मिटून, जणू तापलेल्या लेकरांची कपाळं पाहत असावेत असे ते निघाले. अर्ध्याच्या पुढे एका जागी थांबले. हात उचलला, परत ठेवला. मग तळहात आडवा हवेत ओढला: पट्टा उतरवा. तेलवाल्यानं शेठकडे पाहून मान हलवली: हीच ती.

शेठनं भाऊजींचा तो हात धरून उलटा केला आणि पाहिला. "कान के लिए दूसरा आदमी देता हूँ साथ में," तो म्हणाला. "फिटर तुम ही. सिर्फ हाथ मत जलाना." हे मला भाऊजींच्या कानाशी परत सांगावं लागलं. सांगताना मी शेठचीच नक्कल केली, नाकातून. भाऊजी म्हणाले, "हा खरंच असा बोलते काय?" आणि शेठ, भाऊजी दोघंही हसले.

पुढे मी यवतमाळचाच झालो. सणावारी यश्टीनं दिग्रसला गेलो की ओसरीत ते टेबल तसंच, दोन पाटांवर. भाऊजी तेव्हापासून बिनपाटाचे जेवायचे. आळीतली पोरं खेळायची आणि भाऊजी काचेवर हात ठेवून शेजारी. मी गेलो की पहिली गोटी ते माझ्यासाठी सोडायचे. गोटी पडली, घंटी वाजली, की माझ्याकडे वळून, "काय म्हणते बाई?" आणि मी तोंडानं, किण्ण.

गेल्या खेपेला गेलो तेव्हा गोटी बरोबर मधल्या भोकात पडली, आणि काहीच वाजलं नाही. सेल संपले होते की वायर तुटली होती, देव जाणे. मी थबकलो. दारात ताई उभी होती, पोळी लाटता लाटता आलेली, हाताला पीठ. तिनं माझ्याकडे पाहिलं. भाऊजींचा तळहात काचेवरच होता, नेहमीसारखा पसरलेला. जिनिंगची अख्खी रांग ओळखणारा हात. घंटी मेली हे त्या हाताला कळलं नाही, असं मला कोणीही सांगू नये.

"काय म्हणते बाई?" भाऊजींनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी वाकलो, आणि म्हणालो, "किण्ण."

"आता कसं!" ते म्हणाले, आणि मान डोलवली. ताईनं दारातून पट्टा उतरवायची खूण केली. भाऊजी गुडघ्यावर हात टेकून उठले. खिशातून पेचकसाचं डोकं नेहमीसारखं बाहेर आलं होतं. त्यांनी ते बोटानं खाली दाबलं, काचेवरची धूळ बाहीनं पुसली, आणि मशीन न उघडता जेवायला गेले.